पाच माणसं कशी मिळवू नयेत
अमेरिकन फुटबॉल संघाच्या नवशिक्या जनरल मॅनेजरसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन! संघ तुमच्या ताब्यात आला आहे. प्रेक्षक निष्ठावान आहेत, तिकिटं खपलेली आहेत, कपाटात जुने करंडकही आहेत. आता तुम्हाला एवढंच करायचं आहे: क्वार्टरबॅकच्या पुढ्यात उभी राहणारी पाच माणसं निदान दहा वर्षं तरी सापडू द्यायची नाहीत.

वाटतं तितकं हे सोपं नाही. दरवर्षी कॉलेजांतून शेकडो धिप्पाड पोरं बाहेर पडतात, आणि त्यांतली पाच चुकून बरी निघण्याचा धोका कायम असतो. तो टाळण्याचं प्रशिक्षण घ्यायचं तर न्यूयॉर्क जायंट्ससारखा गुरू नाही. (नाव न्यूयॉर्कचं, पण घरचं मैदान न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डला. त्यामुळे एडिसन-जर्सी सिटीकडे स्थायिक झालेली बरीच मराठी मंडळीही, ऑफिसातल्या सोबत्यांच्या नादानं, या दुःखात विनाकारण सामील झालेली आहेत.)

आधी थोडी ओळख. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. चेंडू तो फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि समोरचे चार-पाच दांडगे त्याला आडवा करायला धावतात. त्यांना तीनेक सेकंद थोपवणारी फळी म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, कडेला दोन टॅकल. प्रत्येक जण दीडशे किलोच्या आसपास. चेंडू पायांतून मागे देणारा सेंटर सोडला तर बाकीच्यांचा चेंडूला सहसा हातही लागत नाही. त्यांच्या चांगल्या कामाचा आकडा कुठे लागत नाही. वाईट कामाचा लागतो. क्वार्टरबॅक चेंडूसकट लोळवला गेला की त्याला सॅक म्हणतात, आणि सॅक मोजतात.

उजव्या हातानं फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला डावीकडून मागून येणारा माणूस दिसत नाही. म्हणून लेफ्ट टॅकल सगळ्यांत महाग. तो एवढा महाग कोणामुळे झाला? बऱ्याच अंशी जायंट्सच्याच लॉरेन्स टेलरमुळे. 18 नोव्हेंबर 1985च्या रात्री टेलरच्या अंगाखाली वॉशिंग्टनच्या जो थाइसमनचा पाय मोडला, तो अख्ख्या देशानं टीव्हीवर पाहिला. थाइसमन पुन्हा खेळला नाही, आणि टेलरसारख्यांना अडवणाऱ्यांचे भाव चढत गेले. थोडक्यात, रोगाचा प्रसार केला तो जायंट्सनी, आणि पुढे औषधासाठी दारोदार फिरण्याची पाळीही त्यांच्यावरच आली.

पायरी पहिली: कपाटातले करंडक पुसा, पण ते कसे मिळाले हे विचारू नका.

3 फेब्रुवारी 2008 रोजी जायंट्सनी तोवर एकही सामना न हरलेल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सना 17-14 असं हरवून लीगचा अंतिम सामना, सुपर बोल, जिंकला. त्या संघाची फळी पाहा. लेफ्ट टॅकल डेव्हिड डील ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजातल्या पोरांच्या वार्षिक निवडीच्या, पाचव्या फेरीतला. लेफ्ट गार्ड रिच सूबर्ट आणि सेंटर शॉन ओहारा यांना तर सात फेऱ्यांत कोणीच घेतलं नव्हतं. राइट टॅकल करीम मॅकेंझी शेजारच्या जेट्सकडून आणलेला. राहिला राइट गार्ड ख्रिस स्नी, दुसऱ्या फेरीतला. हा पुढे मुख्य प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांचा जावई झाला. जावई म्हणजे दहावा ग्रह असं आपल्याकडे म्हणतात. हा ग्रह मात्र दहा हंगाम एका जागी स्थिर राहिला.

2003 साली सूबर्टचा पाय असा मोडला की 2004चा सगळा हंगाम बुडाला. संघ थांबला. ओहारा आणि मॅकेंझी आले, डीलला आतून बाहेर सरकवला, आणि 2007पासून ही पाच माणसं जवळजवळ तीन वर्षं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. 2008 साली याच फळीमागून ब्रँडन जेकब्स आणि डेरिक वॉर्ड या दोघांनीही हजारावर यार्ड धाव काढली. 2004पासून या सगळ्या काळात फळीचे मास्तर एकच होते, पॅट फ्लॅहर्टी.

यातून कोणी काही धडा घेईल अशी भीती वाटत असेल, तर पुढच्या पायऱ्या लवकर सुरू करा.

पायरी दुसरी: उंची मोजा, वजन मोजा, हाताची लांबी मोजा. पाय पाहू नका.

2015 साली नवव्या क्रमांकावर जायंट्सनी मायामी विद्यापीठाचा एरिक फ्लॉवर्स घेतला. तगडा, तरुण, अंगात ताकद मावत नाही असा. जुना लेफ्ट टॅकल विल बीटी त्याच सुमारास वजन उचलताना छातीचा स्नायू फाडून बसला होता, म्हणून पोराला थेट महागड्या जागेवर उभं केलं.

त्या जागेवर काय करावं लागतं, ते जरा जवळून पाहा. चेंडू हलताच टॅकलला मागे सरकायचं असतं, तेही पाठ न फिरवता. बाहेरचा पाय मागे, आतला पाय त्याच्यामागे घसरत, कंबर खुर्चीत बसल्यासारखी खाली, छाती ताठ. हात आधी टाकले तर समोरचा ते झटकून निघून जातो. उशिरा टाकले तर तो छातीत शिरलेला असतो. आणि घाबरून पुढे झुकलात, की दीडशे किलोंचा तोल पायाच्या अंगठ्यांवर येतो. मग धक्काही लागत नाही. समोरचा नुसता बाजूला होतो आणि तुम्ही गवतावर पालथे पडता. मुलाला हे जमतं की नाही हे टेपमापानं कळत नाही, म्हणून टेपमापच वापरा.

फ्लॉवर्सला तीन वर्षं डावीकडे ठेवलं, चौथ्या वर्षी उजवीकडे नेलं आणि 2018च्या ऑक्टोबरात नारळ दिला. पुढे वॉशिंग्टननं त्याला गार्ड केलं, आणि तिथे तो बरा खेळला. असं होऊ शकतं. मनाला लावून घेऊ नका.

पायरी तिसरी: पैसे टाका.

2018 साली नवे जनरल मॅनेजर डेव्ह गेटलमन यांनी पेट्रियट्सचा नेट सोल्डर चार वर्षांसाठी 6 कोटी 20 लाख डॉलरला आणला. करार झाला त्या दिवशी तो या खेळातला सर्वांत महाग ऑफेन्सिव्ह लाइनमन होता. न्यू इंग्लंडात त्याला घडवणारे मास्तर होते डान्टे स्कार्नेकिया. मास्तर तिथेच राहिले. घराण्याचा गवई आणायचा आणि तबलजी, तानपुरा, गुरुजी सगळे मागे ठेवायचे, अशी ही युक्ती आहे.

त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर धावपटू सॅकॉन बार्कली घेतला. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

आणखी एक सूचना. एखाद्याचं काम मुकाट्यानं नीट चाललं असेल तर त्याचा पगार डोळ्यांत खुपू द्या. राइट गार्ड केविन झाइटलरला 2021 साली पैसे वाचवायला सोडलं. तो बॉल्टिमोरला गेला आणि तिथे निवडक उत्तम खेळाडूंच्या प्रो बोलपर्यंत पोचला.

पायरी चौथी, आणि माझ्या मते सगळ्यांत गुणकारी: मास्तर बदलत राहा.

फ्लॅहर्टींनी 12 हंगाम फळी सांभाळली. ते गेल्यावर 2016 ते 2024 या नऊ हंगामांत सात मास्तर झाले. 2020 साली तर मार्क कोलंबो यांना हंगाम चालू असताना, मुख्य प्रशिक्षक जो जज यांच्याशी खटका उडाल्यावर घालवलं. म्हणजे पोरांनी नोव्हेंबरात नवी बाराखडी घ्यायची. एक मास्तर म्हणणार, पाऊल सरळ मागे टाक. दुसरा म्हणणार, तिरकं टाक. समोरचे दोघे आपसात जागा बदलून आले, तर गार्डनं आपला माणूस टॅकलकडे सोपवायचा की स्वतःच त्याच्यामागे जायचं, हे प्रत्येक मास्तरागणिक वेगळं. आणि ते ठरवायला मैदानावर वेळ असतो अर्धा सेकंद. शेजारचा काय करणार हे न बघता कळायला हवं, आणि ते कळतं नुसत्या सहवासानं. म्हणून सहवास घडू देऊ नये.

या पायऱ्या कधीकधी फसतात, हेही सांगितलं पाहिजे. 2020 साली चौथ्या क्रमांकावर घेतलेला अँड्र्यू थॉमस पहिल्या वर्षी इतका अडखळला, की सगळं शास्त्रोक्त चाललं आहे असं वाटलं. पण पुढे तो सुधारला, इतका की 2022 साली त्याची गणना देशातल्या उत्तम टॅकलमध्ये झाली. 2023च्या जुलैत त्याला 11 कोटी 75 लाख डॉलरचा नवा करार मिळाला.

घाबरू नका. 10 सप्टेंबर 2023, हंगामाचा पहिलाच सामना, डॅलसविरुद्ध, घरच्या मैदानावर. पहिल्याच चढाईत जायंट्सची किक अडवली गेली, डॅलसचा खेळाडू चेंडू घेऊन उलटा पळत सुटला, आणि त्याचा पाठलाग करताना थॉमसच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. अकरा कोटींचा माणूस जायबंदी झाला तो क्वार्टरबॅकचं रक्षण करताना नव्हे, तर किकमागे पळताना. सामना 40-0 असा हरला, सॅक सात. तीन आठवड्यांनी सिॲटलनं एका रात्रीत अकरा सॅक केले.

राइट टॅकल इव्हान नील 2022 सालचा सातव्या क्रमांकाचा. अलाबामात तो एका वर्षी गार्ड, एका वर्षी राइट टॅकल आणि एका वर्षी लेफ्ट टॅकल असा फिरला होता. प्रेक्षकांनी हुर्यो केल्यावर त्यानं त्यांना सिंह-मेंढरांची गोष्ट ऐकवली, त्यांच्या नोकऱ्यांची टर उडवली आणि मग माफी मागितली. (जनसंपर्क हा स्वतंत्र विषय आहे, पुढच्या पुस्तिकेत.) 2025च्या सराव शिबिरात त्याला पुन्हा गार्ड केलं.

2023च्याच हंगामात, ऑक्टोबरात, जस्टिन प्यू परत आला. 2013 साली जायंट्सनी पहिल्या फेरीत घेतलेला, 2018 साली सोडून दिलेला, 2022 साली दुसऱ्या संघात गुडघा फाडून घरी बसलेला. बफेलोविरुद्धच्या सामन्याआधी टीव्हीवर प्रत्येक खेळाडू आपलं नाव आणि कॉलेज सांगतो. प्यूनं नावापुढे कॉलेजऐवजी सांगितलं की मी थेट घरच्या सोफ्यावरून आलोय. तो गार्ड म्हणून उतरला, आणि लेफ्ट टॅकल जखमी होताच त्याच सामन्यात त्याला त्या महागड्या जागेवर नेलं. विनोद म्हणाल तर आहे, पण माझ्या मते त्या रात्री फळीत काय चाललंय हे कळणारा तो एकटाच असावा.

हंगामअखेर जायंट्सनी 85 सॅक दिले. लीगच्या इतिहासात याहून जास्त फक्त 1986च्या फिलाडेल्फिया ईगल्सनी दिले आहेत, 104. सामने 17, म्हणजे दर सामन्याला बरोब्बर पाच. फळीतल्या माणशी एक.

तुमचा फळीवरचा विश्वास पुरता उडाला, हे कसं ओळखायचं? त्याची खूण जानेवारी 2022मध्ये दिसली. वॉशिंग्टनविरुद्ध जायंट्स आपल्याच गोलरेषेला पाठ टेकून उभे होते. अकरा यार्ड हवे होते. जो जज यांनी क्वार्टरबॅक जेक फ्रॉमला सेंटरच्या पाठीमागून नुसतं मुसंडी मारायला सांगितलं. पुढच्या प्रयत्नात नऊ यार्ड हवे होते, तर पुन्हा तेच. सबंध लीग हसली. दोन दिवसांनी जज यांची नोकरी गेली.

सगळं श्रेय मात्र घेऊ नका, काळही तुमच्या मदतीला आहे. कॉलेजांत हल्ली चेंडू झटपट फेकायचा खेळ चालतो, त्यामुळे पोरं माणूस दीर्घकाळ थोपवायला शिकतच नाहीत. आणि लीग व खेळाडू यांच्यातल्या 2011च्या करारानुसार हंगाम सुरू झाल्यावर पॅड बांधून, अंगाला अंग भिडवून सराव फक्त 14 वेळा करता येऊ लागला. धक्काबुक्कीचं काम धक्काबुक्की न करता शिकायचं. त्यामुळे लीगमधले निम्मे संघ याच रडगाण्यात असतात.

तरी शेजाऱ्यांकडे बघू नका. विशेषतः फिलाडेल्फियाकडे. तिथे 2013पासून बरीच वर्षं जेफ स्टाउटलंड हे एकच मास्तर होते. त्यांनी सातव्या फेरीत आलेल्या जॉर्डन मायलाटा या ऑस्ट्रेलियन रग्बीपटूला, ज्यानं अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता, लेफ्ट टॅकल केलं. जायंट्सच्याच मैदानाचे दुसरे वाटेकरी जेट्स यांनी 2020 साली पहिल्या फेरीत घेतलेला आणि पुढे सोडलेला मेकाय बेक्टन त्यांनी उचलला, गार्ड केला. आणि 2024च्या मार्चमध्ये जायंट्सनी जाऊ दिलेला सॅकॉन बार्कलीही त्यांनीच घेतला. त्या फळीमागून बार्कलीनं त्या हंगामात 2005 यार्ड धाव काढली आणि फेब्रुवारी 2025मध्ये सुपर बोल जिंकला. न्यू जर्सीतली बरीच वस्ती ईगल्सचीच. त्या आठवड्यात ऑफिसात चहाच्या टेबलाशी काय ऐकावं लागतं, त्यासाठी पुस्तिकेत वेगळा परिच्छेद घालायला हवा.

शेवटचं उदाहरण नवशिक्यांना धीर देणारं आहे. ऑक्टोबर 2007मध्ये जायंट्स लंडनला वेम्बलीत मायामीशी खेळले, तेव्हा बारा वर्षांचा जर्मेन एलुमनॉर टीव्हीचे चॅनेल बदलता बदलता त्या सामन्यावर थांबला. डील-सूबर्टच्या काळातले ते जायंट्स त्यानं पाहिले आणि तो या खेळाच्या मागे लागला. 2024 साली तोच जायंट्सचा राइट टॅकल झाला, आणि नीट खेळूही लागला. ऑक्टोबरात थॉमसचं पाऊल जायबंदी झालं, आणि काही आठवड्यांत नीट चाललेल्या एलुमनॉरला उजवीकडून काढून डावीकडे नेलं. म्हणजे आता दोन जागा रिकाम्या झाल्या.