वाघ्याची लातूरला ॲडमिशन

आमच्या नांदेडात मे महिन्यात ओळखीचा माणूस भेटला की पहिला प्रश्न उन्हाचा आणि दुसरा, "पोरगं कुठं टाकलं?" बाहेरच्या माणसाला हे 'टाकणं' जरा कठोर वाटेल. पण मराठवाड्यात दहावी झालेल्या पोराला शिकायला पाठवत नाहीत, त्याला लातूरला टाकतात. सोबत पेटी, गादी, बादली आणि तीन महिने पुरेल इतकी शेंगदाण्याची चटणी. त्यामुळं मी शेजारच्या काकांना म्हणालो, "वाघ्याला लातूरला टाकावं म्हणतोय," तेव्हा पेपरातून डोकं न काढता त्यांनी विचारलं, "नीटला का जेईईला?"

वाघ्या आमचा कुत्रा. वय पाच, शिक्षण नाही.

झालं असं की, सुट्टीत अमृतसर आणि पुढं डलहौसी असा बेत ठरला. नांदेडकराला अमृतसर मुंबईपेक्षा जवळचं वाटतं, कारण सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसलं की गाडी बदलायची नाही आणि वाटेतल्या स्टेशनांवर लंगरवाले पत्रावळीत गरम भाजी-पोळी घेऊन उभे. तिकिटं निघाली, स्वेटरं उन्हात पडली आणि मग बायकोची नजर कूलरसमोर पसरलेल्या वाघ्याकडं गेली. "आणि ह्याचं काय?"

रेल्वेत कुत्रा नेता येतो, पण कसा? फर्स्ट एसीत अख्खा कूपे आपल्या नावावर असेल तर शेजारी, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. कूपेचा हिशोब केला तेव्हा लक्षात आलं की तेवढ्या पैशात आम्ही चौघं दोनदा अमृतसरला जाऊन येऊ. आणि पेटीत, मे महिन्यात, दीड दिवस? बायकोनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. पेटीत कुणाला बसवायचं ह्याबद्दल तिचा वेगळा विचार दिसला.

मग नांदेडात शोध सुरू झाला. अर्धापूरच्या मित्राचा केळीचा मळा आहे. तो म्हणाला, "सोडा की मळ्यात. चार हायत, त्यात पाचवं." एका संध्याकाळी चाचणी म्हणून नेला. मळ्यातल्या चौघांनी त्याची जी मुलाखत घेतली, तिच्यानंतर वाघ्या गाडीखाली शिरला तो केळीचा घड दाखवूनही बाहेर येईना. आमच्या आबांना तर हा सगळा प्रश्नच समजत नव्हता. ते म्हणाले, "आम्ही पंढरपूरला जायचो तेव्हा कुत्र्याची सोय कोण विचारलं? ते पाटलाच्या घरी जेवायचं." ही गोष्ट खरी आहे. आमच्या गावाकडच्या कुत्र्याला आम्ही मोत्या म्हणायचो, पाटलाकडं तोच शेऱ्या होता आणि सुताराकडं काळू. तिन्ही घरं त्याला आपला समजायची आणि तिन्ही घरांत चोर आला तेव्हा तो चौथ्या घरी होता.

शेवटी देगलूरच्या बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा लातूरला अकरावी संपवून बारावीच्या बॅचला बसलाय. त्याच्या हॉस्टेलपासून दोन गल्ल्यांवर म्हणे कुत्र्यांचं हॉस्टेल निघालंय. बायको म्हणाली, "लातूरला? पाणी तरी मिळेल का त्याला?" २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हापासून लातूर म्हटलं की आमच्या घरात आधी तांब्या भरून घेतात. भाच्याला टाकताना मात्र पाण्याचं कुणी काढलं नव्हतं. पण तो विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

रविवारी पहाटे निघालो. बायकोनं प्रश्नांची यादी दिली होती, वहीची अडीच पानं. नांदेड ते लातूर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे वाघ्याच्या हिशोबात अकरा थांबे. लोह्याला त्यानं चहावाल्याच्या पायपुसण्याची पाहणी केली आणि पुढं माळेगावला तर उडीच मारली.

माळेगावचा खंडोबा म्हणजे आमच्या भागातला जागता देव. मार्गशीर्षात इथं जत्रा भरते, घोडे, गाढवं, उंट विकायला येतात आणि जिल्हा परिषद चक्क अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शन भरवते. मे महिन्यात मात्र सगळा माळ रिकामा, ऊन तेवढं मुक्कामाला. देवळाच्या पायरीकडं पळालेल्या कुत्र्याला मी ओरडून हाक मारली, "वाघ्या! अरे वाघ्या, चल इकडं!"

पायरीवर बसलेला एक म्हातारा वळला. गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, हातात कोटंबा. खंडोबाला वाहिलेला अस्सल वाघ्या. "कोण बोलवलं मला?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी कुत्र्याकडं बोट दाखवलं. आता हा माणूस शिव्या देणार की शाप, एवढंच पाहायचं होतं. पण म्हातारा हसला. कुत्रा तर देवाच्या पायाशीच असतो आणि वाघ्या म्हणजे तरी देवाचा कुत्राच की, असं म्हणत त्यानं चिमूटभर भंडारा घेतला आणि आमच्या वाघ्याच्या कपाळाला फासला. "येळकोट!" वाघ्यानं उत्तरादाखल तीन शिंका दिल्या. दक्षिणा दोघांच्या नावानं घेतली गेली.

पुढं शिरूर ताजबंदला उदगीरचा फाटा लागतो. उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तेव्हा बायकोनं फोनवरून सुचवलं, "तिकडंच जवळपास बघा ना, डॉक्टरच डॉक्टर." मी म्हणालो, पोराला ताप येईल म्हणून कुणी त्याला सिव्हिल हॉस्पिटलसमोर खोली घेऊन देत नाही. फोन बंद झाला. रेंज गेली असावी.

चाकूरला मात्र मी स्वतःहून आडवाट धरली. आत जानवळ नावाचं गाव आहे, पश्मी कुत्र्यांचं. अंगानं कारवानसारखे, पण कानाला आणि शेपटीला रेशमी झालर. तोंड कण्हेरीच्या पानासारखं निमुळतं, पाय लांब, पोट पाठीला लागलेलं. ह्या जातीत ती ऐट समजतात. एरवी आमच्या मुलखात अशा पोटाचा पंचनामा होतो. ज्यांच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या कुत्री आहेत, त्यांच्याकडं आपलंही एक ठेवता येईल, असा माझा साधा हिशोब.

एका अंगणात बाजेवर बसलेले गृहस्थ पश्मीचं पिल्लू खाजवत होते. त्यांना मुधोळ हाउंडचा राग होता. "मुधोळ तिकिटावर छापलं टपालाच्या. पश्मी छापलं का?" खरंच, २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता, पश्मी नव्हता. मी सरकारच्या वतीनं दिलगिरी व्यक्त केली आणि हळूच वाघ्याला पुढं केलं.

ते बराच वेळ पाहत राहिले. मागून पाहिलं, पुढून पाहिलं. "ह्यो कुठल्या जातीचा? कपाळ पिवळं कसं?"

"नांदेडचा आहे," मी म्हणालो.

"ठेवला असता," ते म्हणाले, "पण आमची पिल्लं आता नकला शिकायच्या वयाची हायत."

वाघ्या तेव्हा त्यांच्या कोंबडीला घाबरून माझ्या मागं उभा होता, त्यामुळं वाद घालता आला नाही.

चाकूरपासून जवळच लातूर रोड नावाचं जंक्शन आहे. नावात लातूर असल्यानं पहिल्यांदा येणारा तिथं पिशव्या घेऊन उतरतो आणि मग लातूर अजून तास-अर्ध्या तासावर आहे हे ऐकून रोडवर बसतो. आम्ही मात्र थेट गावात शिरलो आणि माझ्याच चुकीनं गंजगोलाईत अडकलो. गंजगोलाई म्हणजे लातूरचं नाभिस्थान: मधे देवीचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. माणसाला त्यात आपला रस्ता सापडत नाही, ही जुनी तक्रार. आमची वेगळी होती. सोळा रस्त्यांच्या तोंडाशी सोळा कुत्री बसलेली होती, प्रत्येकाची हद्द ठरलेली. वाघ्यानं खिडकीतून एकाला काहीतरी बोलून ठेवलं आणि मग आम्ही गोलाईला जी प्रदक्षिणा घातली, तीत एका हद्दीतलं कुत्रं आम्हाला दुसऱ्याच्या ताब्यात रीतसर देत गेलं. तिसऱ्या फेरीला हळदीच्या दुकानदारानं ओळखीचं हसून हात केला.

श्वान-हॉस्टेल बरं होतं. मोठं पत्र्याचं शेड, वर उसाचं पाचट, चार कूलर. चालवणारा तरुण आधी नीटच्या पोरांचं हॉस्टेल चालवायचा. "हे का काढलं मग?" मी विचारलं. तो म्हणाला, "दोन्हीकडं पालकांचे फोन सारखेच येतात, भाऊ. पण हितली पोरं जेवणाला नावं ठेवत नाहीत."

मी यादी काढली. रात्री इथं माणूस झोपतो का? एका खोलीत किती? वीज गेली तर कूलरचं काय? पाणी टँकरचं की फिल्टरचं? अंगावर गोचीड निघाले तर? आजारी पडला तर डॉक्टर किती वेळात येतो? भांडखोर पोरं वेगळी ठेवता का? आधी एक रात्र चाचणीला ठेवून बघता येईल का? त्यानं सगळ्याची उत्तरं दिली, रेबीजच्या लसीचं कार्ड मागितलं आणि एक प्रश्न उलटा विचारला, जो यादीत नव्हता: "घरी कुणाच्या पायाशी झोपतो? त्याचं एखादं जुनं कापड देऊन जा." मी गळ्यातला पंचा काढून दिला.

भाचा तोवर येऊन शेजारी उभा होता. वाळला होता. पश्मी म्हणून खपला असता. यादी संपेपर्यंत त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, मला टाकताना आमच्या हॉस्टेलात काय काय विचारलं होतं?"

मला आठवलं. दाजींनी आणि मी मिळून एकच प्रश्न विचारला होता, "निकाल किती लागतो?"

फॉर्म भरायला घेतला. ओळखीची खूण: कपाळ पिवळं. आहार: दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. दिवसाचा दर भाच्याच्या मेसच्या दोन दिवसांच्या डब्याइतका होता, आणि तो मी मुकाट्यानं मोजला. शेवटी 'स्थानिक पालक' असा रकाना आला. मी भाच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "पण आमचे वॉर्डन रविवारशिवाय सोडत नाहीत, आणि तेही फक्त जवळच्या नातेवाइकाला भेटायला."

"मग?"

"बघतो की."

दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांच्या हॉस्टेलच्या रजिस्टरचा फोटो पाठवला. भेटण्याचं कारण: प्रकृती नाजूक. कोणाला: वाघ्या. नातं: मामेभाऊ. पुढं वॉर्डनची सही आणि शिक्का, रोज दुपारी दोन तास.

अमृतसरला आम्ही लंगरच्या रांगेत उभे होतो तेव्हा लातूरहून व्हिडिओ आला. कूलरसमोर माझा पंचा अंथरलेला, त्यावर भाचा गाढ झोपलेला, तोंडावर फिजिक्सचं पुस्तक. वाघ्या दाराशी ताठ बसून राखण करत होता. पाच वर्षांत त्यानं आमच्या घराची अशी राखण केलेली मला आठवत नाही. पाठोपाठ हॉस्टेलवाल्याचा फोन.

"भाऊ, तुमच्याकडून काही त्रास नाही. फक्त एक विचारायचं होतं, त्याच्या लोकल गार्डियनचं दुपारचं जेवण बिलात धरू का?"

मी बायकोकडं पाहिलं. तिनं व्हिडिओ परत लावला होता. "धरा म्हणावं," ती म्हणाली, "आणि विचारा, पोटभर खातो ना?"

मी विचारलं.

"कोण, भाऊ?" तिकडून आवाज आला.