पेंग्विन की गर्दी?

अंटार्क्टिका की नॉर्वेचे फ्योर्ड, या पेचात सापडलेल्यांनी माहितीपत्रकातली हिमशिखरं बाजूला सारून आधी पाय कुठे टेकणार ते पाहावं. 500हून अधिक प्रवासी नेणाऱ्या जहाजातून अंटार्क्टिकावर कुणालाच उतरता येत नाही. लहान जहाजांनाही एका जागी एका वेळी 100 जणांचीच मुभा. म्हणजे स्वस्तातलं मोठं जहाज निवडलंत, तर ड्रेक सामुद्रधुनीत पोटातलं सगळं समुद्रार्पण करून सातवा खंड काचेतून पाहायचा. कळसदर्शनानेही पुण्य लाभतं, असं कुणी म्हणेल. लाभतं की! पण वारकरी त्यासाठी लाखो रुपये मोजत नाही.

नॉर्वेत उतरता येतं, हीच तिथली अडचण. गायरांगर हे जेमतेम दोन-अडीचशे वस्तीचं गाव, आणि एकेका जहाजातून हजारो माणसं बाहेर पडतात. 2005पासून जागतिक वारसा ठरलेला तो फ्योर्ड मग पुढच्याच्या टोपीवरून पाहावा लागतो. तरीही माझं मत नॉर्वेलाच. निदान पायाखाली जमीन असते. तिथे पेंग्विन नाहीत, हा आक्षेप मान्य. नॉर्वेच्या राजरक्षक दलात मेजर जनरल हुद्द्याचा एक आहे खरा, पण तोही राहतो एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात.