माळ्यावरचं मिग

घरात लढाऊ विमानाचं कॉकपिट बांधायचं असेल तर रहिमतपूरसारखं गाव उत्तम. जुन्या वाड्याचा माळा, प्लायवूड, भंगारातली घड्याळं, झालं मिग-२१! खरं मिग २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला निवृत्त झालं, त्यामुळे तक्रार करायलाही कुणी येणार नाही. शिवाय नकली विमान उडत नाही, म्हणून परवानगीही लागत नाही. अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर खरंखुरं सहा आसनी विमान बांधलं. २०१६च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात सगळ्यांनी ते डोळे भरून पाहिलं, नोंदणी मात्र नोव्हेंबर २०१७ मध्ये. चूक त्यांचीच; उडणारं कशाला बांधायचं?

खरी अडचण इजेक्शन सीटची. मार्टिन-बेकर कंपनीच्या खुर्चीतून तिथलाच कर्मचारी बर्नार्ड लिंच १९४६ साली विमानाबाहेर फेकला गेला आणि सुखरूप उतरला. प्रसंग ओढवला की माणसाला क्षणात बाहेर काढणारी खुर्ची! आपल्याकडच्या सुताराला हे पटवणं कठीण. तो विचारणार, "साहेब, खुर्ची तर धरून बसायची असते ना?"

त्याला काय सांगणार? आधी वरची कौलं तरी काढून ठेवा म्हणावं.