सुरतेहून सप्रेम सलाम

सुरत, 18 डिसेंबर 2025

प्रिय आई,

काल फोनवर तू तीनदा विचारलंस, "सगळं ठीक आहे ना गं?" आणि तिन्ही वेळा नेमका कुकर ओरडला. म्हणून लिहायला बसले. डाळ गॅसवर आहे, ह्यांची मिलमध्ये रात्रपाळी आहे आणि छकुली अभ्यासाच्या नावाखाली तुझ्या करंज्या मोजते आहे. काल पंचवीस होत्या, आज सतरा. उंदीर सुरतेचे असले तरी त्यांना नगरची करंजी बरोबर कळते.

पार्सल पोचलं. करंज्या शाबूत, चकल्यांचा भुगा, आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी फुटून बापूंच्या चांदणीवर सांडलेली. बेथलेहेमच्या ताऱ्याला लसणाचा वास येतो हे पहिल्यांदाच कळलं. तशीच टांगली गॅलरीत. समोरच्या बेन लगेच म्हणाल्या, "बेन, दिवाळी तो गई, हवे तो उतारो!" मी सांगितलं, हा आकाशकंदील नाही, आमच्या नाताळची चांदणी आहे. "हां हां, पेला सांताक्लॉजवाळु!" म्हणजे आता अख्ख्या सोसायटीत आपण सांताक्लॉजचे नातेवाईक.

स्वेटर छकुलीला अगदी मापात बसला. पण आई, इथे डिसेंबरात दुपारी पंखा लावावा लागतो. तरी ती हट्टाने दिवसभर घालून फिरली आणि संध्याकाळी पाठीवर घामोळं घेऊन आली. आजीची माया अंगावर उठते ती अशी.

नाताळच्या नाटकात बाळूकाकांना यंदाही योसेफ दिला म्हणतेस? मरीया बारावीत आणि योसेफ पेन्शनीत! मंडळीत दुसरा पुरुष उरलाच नाही का? आणि लीलाआत्याला सांग, पेटीचा सूर लागत नाही म्हणून रागावून दुसऱ्या बाकावर बसू नकोस, पेटी तुझ्याहून म्हातारी आहे. खरी शेळी मात्र आणू देऊ नका. मागच्या खेपेला तिने मागी राजाची दाढी खाल्ली होती आणि बापू हसताना बाकावरून पडले होते, ते मी अजून छकुलीला झोपताना सांगते.

आता केकचं. तू विचारलंस, लीलाआत्याच्या पद्धतीने केलास का? कसा करणार? तिच्या वहीत लिहिलंय, "मनुका आदल्या महिन्यात खोकल्याच्या औषधात भिजवाव्यात." ते औषध आत्याच्या कपाटात मिळतं, गुजरातेत नाही. इथे दारूबंदी. मी वाण्याकडे नुसतं रम इसेन्स विचारलं तर त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्यावर पाहिलं आणि म्हणाला, "बेन, व्हॅनिला लई जाओ."

चिडून मी ह्यांना म्हटलं, काय हा गुजरात्यांचा कायदा! तर हे म्हणाले, त्यांचा कसला, आपलाच आहे. खरंच की. कायदा मुळात मुंबई राज्याचा, 1949 चा. 1960 मध्ये घर वेगळं झालं तेव्हा आपण मुंबई ठेवून घेतली आणि गुजरातने दारूबंदी. 2011 मध्ये त्याच्या नावातलं 'मुंबई' काढून 'गुजरात' लिहिलं, एवढंच. प्रकृतीच्या कारणावरून परवाना मिळतो म्हणे. पण केकची तब्येत नाजूक आहे असं लिहून देणारा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही. गांधीनगरजवळ एका भागात 2023 च्या डिसेंबरात जरा सवलत दिली. त्या भागाचं नाव काय, तर गिफ्ट सिटी!

आणि गंमत बघ. ह्याच सुरतेत डच वखारीच्या काळात पाव ताडीने फुगवायचे, असं इथले जुने लोक सांगतात. नानखटाईचा जन्मही त्याच भट्ट्यांपाशी झाला म्हणे. ज्या गावचा पाव ताडी प्यायला त्या गावात माझ्या मनुका संत्र्याच्या रसात भिजत पडल्या आहेत. थांब, शिटी झाली.

आले. तर पोंक. बापूंना वाचून दाखव, पण आधी त्यांना खाली बसव. पोंक म्हणजे आपला हुरडा. थंडीत तापीच्या काठी, अडाजणकडे, त्याच्या टपऱ्या लागतात. कोवळी ज्वारी भाजून, झोडून, वर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे. चव छान. भाव पाचशेच्या वर, किलोला! मी विचारलं, ज्वारी आहे ना? चांदीची नाही ना? बापू शेतात गोवऱ्यांवर कणसं भाजून आमच्या तळहातावर चोळायचे, आम्ही फुंकर मारून खायचो आणि वर म्हणायचो, पुरे आता. शंभर ग्रॅम घेतला. छकुलीने दाणा दाणा चघळला. मला मात्र त्यात धूर सापडेना. गोवऱ्यांचा धूर नसला तर हुरडा कसला गं?

बरं, तू काळजीने विचारलंस ते मंदीचं. आमचं ठीक आहे, मिल चालू आहे. झळ बसली ती समोरच्यांना. बेनचे मिस्टर भावनगरकडचे, हिऱ्याच्या कारखान्यात. इथे त्यांना रत्नकलाकार म्हणतात. एका घंटीभोवती चौघं बसतात, फिरत्या चाकावर खडा टेकवतात, उचलतात, डोळ्याला भिंग लावून बघतात, पुन्हा टेकवतात. गोल हिऱ्याला अठ्ठावन्न पैलू. जगातल्या दहापैकी नऊ हिरे इथेच घासून होतात. मोठं गिऱ्हाईक अमेरिका, आणि अमेरिकेचा मोठा बाजार कधी? आपल्या नाताळात! ऑगस्टात त्यांनी आपल्या मालावर पन्नास टक्के कर बसवला, त्यात कारखान्यात बनवलेल्या स्वस्त हिऱ्यांनी आधीच भाव पाडलेले. ह्या भाईंचा कारखाना दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडलाच नाही. परवा ते मला विचारत होते, "बेन, तुमारा नाताल अमेरिका में अच्छा जायेगा ना?" काय सांगणार? आपण गव्हाणीचं गाणं म्हणतो आणि त्यांचा किराणा त्याच सणाच्या अंगठ्यांवर अडलेला.

मला वाटलं, काहीतरी द्यावं. केक? अंडं आहे, त्यांना चालत नाही. स्वेटर? घामोळं. पैसे? भाई दारच लावून घेतील. करंज्या नेल्या, तर बेननी उलट डबाभर उंधियू दिलं. म्हणजे मीच कर्जात.

मग रविवारी रात्री पाहिलं तर बेन जमिनीवर साड्यांचा ढीग घेऊन बसलेल्या. बाजारातून आणलेलं काम, पदरावर गोंदाने टिकल्या चिकटवायच्या. दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता. एका साडीचे जे मिळतात त्यात शंभर ग्रॅम पोंकही येणार नाही. मी काही न विचारता शेजारी बसले. छकुलीही बसली. रात्री एकपर्यंत टिकल्या लावल्या. माझी तर्जनी अंगठ्याला चिकटली, छकुलीच्या कपाळावर सात टिकल्या निघाल्या आणि माझ्या तीन साड्यांतली एक बेननी हळूच टिकल्या काढून पुन्हा केली. भाई मधेमधे चहा करून देत होते. कोणी कोणाला काही दिलं नाही. पण आई, ह्या गावात आल्यापासून पहिल्यांदाच मला नाताळ जवळ आल्यासारखं वाटलं.

बापू फोनवर दर वेळी विचारतात, "काय, सुरत लुटलीस का?" त्यांना सांग, त्याच लुटीतली एक गोष्ट वाचली. 1664 ची. बर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने लिहिलंय की शिवाजी महाराजांनी कापुचिन पाद्री अँब्रोज ह्यांच्या घराला हात लावू दिला नाही. आणि दुसरं एक घर सोडलं ते डचांच्या एका हिंदू दलालाचं. तो तोवर वारलाही होता, पण हयातीत फार दानधर्म करायचा, असं महाराजांच्या कानावर आलं होतं. भरलेल्या पेट्या लुटल्या गेल्या, आणि दिलेलं राखणीला उभं राहिलं.

टिकल्या लावताना माझ्या मनात आलं ते सांगते, लीलाआत्याला उपदेश वाटला तर वाटू दे. नाताळ ह्या पोर्तुगीज शब्दाचा अर्थच जन्म. त्यात भेटवस्तू कुठे आली? मागी लोकांनी सोनं, ऊद, गंधरस आणलं खरं, पण ते नंतर. आधी आले मेंढपाळ, आणि त्यांच्या हातात काही होतं असं लूकने लिहिलेलं नाही. ते नुसते आले. आणि त्यांच्याही आधी देव आला. शिरगणतीसाठी परगावी गेलेल्या, उतारशाळेत जागा न मिळालेल्या घरात. त्याला वरून पार्सल पाठवता आलं असतं की. त्याने ते केलं नाही. स्वतः आला आणि आपल्यात जमिनीवर बसला.

म्हणून यंदा पार्सल पुरे. 25 ला इथल्या उपासनेत गुजराती गाणी असतील, मला अर्धी येतात, उरलेल्या अर्ध्यांना मी नुसते ओठ हलवते. पेटीवर आपलं मराठी भजन वाजावं असं वाटलं की घसा भरतो. नाटक झालं की तू आणि बापू नाशिक-सापुताऱ्याच्या रात्रीच्या गाडीत बसा आणि या. बाळूकाकांना योसेफाच्या कपड्यांतच आणलंत तरी चालेल, टिकल्या लावायला माणसं कमी पडतात. रिकाम्या हातांनी या. चटणी मात्र आणा, ह्या वेळी बाटलीत.

तुझी,
सुरतवाली