डावी बाजू

आमच्या शेजारीणबाई थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचं आमंत्रण देतात तेव्हा कामाची वाटणीही करून टाकतात. टर्की त्यांच्याकडे, बटाटे थोरल्या लेकीकडे, भोपळ्याचा पाय धाकटीकडे (त्या घरात टर्कीला दोन पाय असतात आणि भोपळ्याला एक) आणि कागदी नॅपकिन माझ्याकडे. सात वर्षं मी इमानेइतबारे नॅपकिन नेले. आठव्या वर्षी, म्हणजे 2025 च्या नोव्हेंबरात, त्यांनी मला कुंपणापाशी गाठलं आणि म्हणाल्या, ‘‘या वेळी तू क्रॅनबेरीचं रेलिश आण. एकदम सोपं आहे. काही शिजवायचं नाही.’’

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

अपमान झाला की बढती मिळाली, हे मला रात्रीपर्यंत ठरवता आलं नाही. साताऱ्याला लहानपणी लग्नामुंजीच्या पंगती उठायच्या तेव्हा वाढपाची एक उतरंड असे. जिलबी वाढायला पोट सुटलेले आणि आग्रहात मुरलेले मामा. तूप वाढायला घरातलं जबाबदार माणूस, कारण तुपाची धार हा विश्वासाचा प्रश्न. भाताला दणकट काका. आणि आम्हा पोरांच्या हातात मिठाचं ताटलं. मीठ वाढणाऱ्याकडे कोणी मान वर करून बघत नाही, त्याला कोणी ‘अजून थोडं’ म्हणत नाही. फार चांगलं काम केलंत तर पुढच्या पंगतीला लिंबाच्या फोडी मिळत. मग चटणी, मग कोशिंबीर. म्हणजे माणूस पानाच्या डाव्या बाजूने वर चढत जाई. त्या हिशेबाने नॅपकिन म्हणजे पानं मांडणं. तिथून मी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एकदम कोशिंबिरीवर आलो होतो. बढतीच म्हणायची.

अमेरिकन ताटाला डावी बाजूच नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. मधोमध मीठ, तिथून डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, हा नकाशा इथे कोणाला ठाऊक नाही. सगळे पदार्थ एकमेकांना रेलून बसतात आणि वरून ग्रेव्ही ओतली की सीमावादच मिटतो. त्या तपकिरी रेट्यात ती लालभडक क्रॅनबेरी लग्नघरात चुकलेल्या पोरासारखी कधी बटाट्याशी, कधी टर्कीशी उभी असते.

त्यातही शेजारीणबाईंचे यजमान डबापंथी. क्रॅनबेरीची जेली डब्यातून सबंध बाहेर काढायची, साच्यातल्या कुल्फीसारखी आडवी ठेवायची आणि पत्र्याच्या रेघा तिच्या अंगावर उमटलेल्या दिसल्या की समाधानाने मान हलवायची. क्रॅनबेरी डब्यात भरायची कल्पना मार्कस युरॅन नावाच्या वकिलाने 1912 साली इथेच मॅसॅच्युसेट्समध्ये धंद्याला लावली. वकील माणूस, त्यामुळे रेघ आखूनच दिली असावी.

रेलिशची कृती मात्र खरोखरच पोरखेळ. 340 ग्रॅमच्या पिशवीतल्या कच्च्या क्रॅनबेरी, एक नेव्हल संत्रं सालीसकट, पाऊण ते एक कप साखर. भरड वाटायचं, झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं. संपलं. एवढं सोपं काम बिघडवायला घरात दोन माणसं लागतात, आणि आमच्याकडे ती होती. माझी आई सप्टेंबरपासून आली होती.

आईची आणि क्रॅनबेरीची ओळख ऑक्टोबरात झालेली. तिला आम्ही कार्व्हरला मळा दाखवायला नेलं होतं. काढणीसाठी वाफ्यात पाणी सोडलेलं, वर सगळी फळं तरंगत होती. ‘‘अगं बाई, एवढं कुंकू कोणी सांडलं?’’ ती म्हणाली. मी माहिती दिली, की हे पीक काही पाण्यात वाढत नाही. रेताड, दलदलीच्या जमिनीवर सरपटणारी वेल असते. फळात हवेचे चार कप्पे, म्हणून ते तरंगतं, आणि तरंगतं म्हणून माणसांनी पाणी सोडून गोळा करायची युक्ती काढली. ही भिजकी फळं रस-सॉसला जातात, पिशवीतून ताजी विकायची ती कोरडीच खुडतात. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एक फळ तोंडात टाकलं. चेहरा पूर्ण उलगडायला मिनिटभर लागलं. ‘‘करवंदाची बहीण दिसते,’’ ती म्हणाली, ‘‘पण सावत्र.’’

नात्याने ती करवंदाची कोणीच नाही. पण डोंगरची काळी मैना कच्ची असताना तिचं लोणचं घालणाऱ्या बाईला शास्त्रीय नावात रस नव्हता. ‘‘याला चीक नाही, बी नावालाच. काम सोपं आहे,’’ असं तिने तिथेच, बांधावर उभं राहून, जाहीर केलं.

मंगळवारी संध्याकाळी मी ओट्यापाशी उभा राहिलो. फूड प्रोसेसर आमच्याकडे नाही, मिक्सर आहे. आईने आधी फळांची परीक्षा घेतली. मी तिला सांगून बसलो होतो, की चांगली क्रॅनबेरी चेंडूसारखी उसळते. न्यू जर्सीच्या जॉन वेब नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट इकडे सांगतात. त्याचा एक पाय लाकडी होता. माळ्यावरून फळं खाली वाहून आणणं जमेना, म्हणून तो ती जिन्यावरून ओतून द्यायचा. टणक फळं उड्या मारत खाली पोचायची, नासकी पायऱ्यांवरच बसून राहायची. पुढे याच तत्त्वावर फळं निवडायची यंत्रं निघाली. आईला ही गोष्ट फार पटली. तिने एकेक क्रॅनबेरी फरशीवर टाकून पाहायला सुरुवात केली. त्यातल्या काही अजून फ्रिजखाली उत्तीर्ण होऊन पडल्या आहेत.

उरलेल्या मी मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घातल्या आणि बटण फिरवलं. आठ सेकंद. झाकण काढलं तर आत गुलाबी रंगाचा गुळगुळीत लेप. क्रॅनबेरीत पेक्टिन भरपूर, त्यामुळे साखर घालून तासाभराने पाहिलं तर चमचा उभा राहत होता. बायको डोकावून म्हणाली, ‘‘अरे, हे रेलिश आहे की फेस पॅक?’’

‘‘भरड,’’ आई म्हणाली. ‘‘भरड म्हणजे काय ते तुम्हा लोकांना कळतच नाही. बटण डावीकडे फिरवायचं, टुकटुक करून सोडायचं.’’ आणि दुसरी पिशवी फोडून तिने मिक्सरला हातही लावला नाही. तीन वर्षांपूर्वी तिनेच बॅगेतून आणलेली विळी काढली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेका क्रॅनबेरीचे चार तुकडे करायला बसली. आडवी चिरली की आतले ते चार कप्पे स्पष्ट दिसतात. ‘‘चौसोपी वाडाच आहे की गं,’’ ती नातीला म्हणाली. नातीने वाडा पाहिलेला नाही, पण तीही सुरी घेऊन शेजारी बसली. दीड तास घरात शांतता होती.

संत्र्यापाशी मला वाटलं, आता अडेल. सालीसकट म्हटल्यावर ती नाक मुरडेल. पण माझाच हिशेब चुकला. दोडक्याच्या शिरांची चटणी करणारी जात ती. साल फेकणाऱ्यांकडे ती संशयाने बघते. तिने फक्त पांढरा भाग नखाने दाबून पाहिला. ‘‘हा जाड असेल तर कडू होणार. थोडा काढू.’’ नागपुरी संत्र्याची ढिली साल आणि या नेव्हलची अंगाला घट्ट बसलेली साल, यांवर एक छोटं भाषण झालं. मग आम्ही दोघांनी मिळून एक साल तपासणीसाठी बाजूला काढली आणि एकमेकांच्या डोळ्यांत पिळली. तिचं वय एकोणऐंशी.

आता खरी अडचण. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतं. 2025 मध्ये तो 27 तारखेचा गुरुवार, आणि कालनिर्णय उघडून पाहिलं तर मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. म्हणजे महालक्ष्मीचं व्रत. म्हणजे आईचा उपास, सूर्य मावळेपर्यंत. आणि इथलं जेवण दुपारी तीनला.

‘‘मी नुसती येऊन बसेन,’’ आई म्हणाली. वर्षातल्या सर्वांत मोठ्या जेवणाला जाऊन नुसतं बसणारी पाहुणी ही यजमानीणबाईंना हार्टफेल करणारी गोष्ट होती. तेव्हा घरात प्रश्न निघाला : क्रॅनबेरी उपासाला चालते का?

साताऱ्याला आत्याला फोन लागला. या बाबतीतलं आमचं ते सर्वोच्च न्यायालय. आत्याने विचारलं, ‘‘वहिनी, ते जमिनीखाली येतं की वर?’’ वर. ‘‘शिजवायचं आहे?’’ नाही. ‘‘कोणत्या पोथीत आहे?’’ इथे मी फोन घेतला. म्हटलं, आत्या, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. गेल्या चारपाचशे वर्षांत आपल्याकडे आली. त्यांचं नाव तरी कोणत्या पोथीत होतं? क्रॅनबेरी त्यांचीच गाववाली, हिला फक्त निघायला उशीर झाला.

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आत्या म्हणाली, ‘‘म्हणजे मी साठ वर्षं अमेरिकन उपास करतेय?’’ आणि फळ म्हणून चालेल, असा निकाल देऊन तिने फोन ठेवला.

निकालाबरोबर अटी आल्या. कांदा नाही. त्यामुळे माझी एक सुप्त इच्छा जागच्या जागी वारली. इथल्या सार्वजनिक रेडिओवर सुझन स्टॅमबर्ग दर नोव्हेंबरात सासूबाईंच्या क्रॅनबेरी रेलिशची कृती सांगत. 1971 पासून चाललेली प्रथा. कच्च्या क्रॅनबेरी, कांदा, आंबट साय, साखर आणि हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ. रंग पेप्टो-बिस्मॉलसारखा, म्हणजे पोटदुखीच्या औषधासारखा, असं त्या स्वतःच सांगत. सासूची पाककृती सुनेने इतकी वर्षं देशभर वाजवावी, हे ऐकून आईने माझ्या बायकोकडे पाहिलं. बायको फ्रिजखालच्या क्रॅनबेरी काढायला वाकली.

मग आलं किसून, एक हिरवी मिरची, शेंदेलोण. इथवर एकमत होतं. जिऱ्यावर भांडण झालं. आईला तूप-जिऱ्याची फोडणी हवी होती. मी म्हटलं, फोडणी म्हणजे शिजवणं, आणि अट ‘काही शिजवायचं नाही’ अशी आहे. ती म्हणाली, फोडणीला शिजवणं कोण म्हणतं? शिजवतो तो पदार्थ. फोडणी वरून येते, पावसासारखी. कोशिंबिरीला फोडणी दिली म्हणून ती भाजी होते का? मुद्दा बिनतोड होता, तरी मी कायद्याचं बोट धरून उभा राहिलो. अखेर तिनेच माघार घेतली, पण माझ्यामुळे नव्हे. ‘‘फ्रिजमध्ये ठेवायचंय ना? मग तूप थिजेल. पांढरे कण दिसतील,’’ ती म्हणाली आणि जिरं कोरडं भाजून कुटून घातलं. भाजणं म्हणजे शिजवणं की नाही, हा प्रश्न मी गिळला.

रात्री चव घेतली तर नुसती चिडचिड. आंबट वेगळं, कडू वेगळं, साखर दाताखाली कचकचणारी. मी निराश झालो. ‘‘मुरू दे,’’ आई म्हणाली. बुधवारी सकाळी साखरेने पाणी ओढून काढलं होतं आणि तळाशी माणकाच्या रंगाचा रस जमला होता. बुधवारी रात्री पेक्टिनने त्याला हलकेच धरलं होतं. गुरुवारी सकाळी साल मऊ झाली, कडवटपणा मागे सरकला, मिरची शेवटी येऊन दार वाजवून जाऊ लागली. इथल्या पाककृतीत ‘रात्रभर गार करा’ एवढंच लिहितात. फ्रिजला ते सगळं श्रेय देतात.

त्याच सकाळी कलश मांडला. पाच पत्री हव्या होत्या, आणि बाहेर नोव्हेंबरअखेरची झाडं नागडी उभी. एक पाइन सापडला, बाकी दुकानातला पुदिना वगैरे. पाच फळांत केळं, सफरचंद, संत्रं, पेअर आणि वाटीभर क्रॅनबेरी. देवीपुढे गेल्यावर आत्याच्या निकालावर अपिलाची सोयच उरली नाही.

तीन वाजता पोचलो. शेजारीणबाईंना मी आदल्या दिवशी उपासाचं सांगितलं होतं. रताळ्यांवर त्या मार्शमेलो पसरून भाजतात. त्यात जिलेटिन असतं, ते आईला कधीच चाललं नसतं. तर एक रताळं नुसतं सालीसकट भाजून त्यांनी वेगळ्या बशीत ठेवलं होतं. जेवणाआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं असतं. कोणी नोकरीबद्दल, कोणी नातवाबद्दल. आईची पाळी आली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘म्हणावं, जास्त पाणी सुटलं नाही.’’ मी सांगितलं, आई सगळ्याबद्दल आभारी आहे. टेबलाभोवती डोळे पाणावले.

तिने ताटात रताळं मधे ठेवलं. वर चिमूटभर मीठ, आणि मिठाच्या डावीकडे, बरोबर जिथे हवं तिथे, दोन चमचे रेलिश. समोर बसलेले डबापंथी यजमान तिच्या ताटाकडे बघत राहिले. मग त्यांनी आपली टर्की उजवीकडे ढकलली, डावीकडे जागा केली आणि बोल पुढे ओढला. दुसऱ्यांदा घेताना ते काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा त्यांची बायको बोलली. 1959 साली नोव्हेंबरात सरकारने क्रॅनबेरीवर तणनाशक सापडल्याचं सांगितलं आणि ऐन सणात लोकांनी तोंड फिरवलं. तेव्हा हे लहान होते, घरी सफरचंदाचा सॉस झाला होता. ‘‘त्या वर्षापासून याचा डब्याशिवाय कशावर विश्वासच नाही,’’ त्या म्हणाल्या. जेली त्यांच्या कोपराशी रेघांसकट अख्खी आडवी पडून होती.

निघताना शेजारीणबाईंनी वही आणली. मिरची किती? आई म्हणाली, ‘‘अंदाजाने.’’ आलं? ‘‘बेताने.’’ किती दिवस ठेवायचं? ‘‘मुरेपर्यंत.’’ मी तिन्ही शब्दांचं इंग्रजी करायचा प्रयत्न केला. त्यांनी वही मिटली आणि आईचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, पुढच्या वर्षी तुम्हीच आणा.

‘‘आणि मी?’’ मी विचारलं.

‘‘तू बर्फ आण,’’ त्या म्हणाल्या. ‘‘काही शिजवायचं नाही.’’