धुवायला किती भाग?

घरात आणलेल्या यंत्राचा खरा कस मोरीत लागतो. दुकानात सगळीच यंत्रं गुणी असतात. तिथला पोरगा गाजराचा तुकडा आत टाकतो, खटका दाबतो आणि बघता बघता समोर किसाचा ढीग. टाळ्या! आता हे सगळं धुणार कोण, ते तो सांगत नाही. ते त्याच्या आईला विचारावं लागेल.

फूड प्रोसेसरचंच घ्या. वाडगा, झाकण, झाकणावरची नळी, नळीत ढकलायचा दांडा, पातं, पात्याचा खांब, किसायची चकती, काप करायची चकती आणि कणीक मळायचा तो प्लॅस्टिकचा वाकडा हात, ज्याला चिकटलेली कणीक टूथपिकने उकरावी लागते. एवढं धुऊन होईतो विळीवर बसलेल्या बाईची कोशिंबीर होऊन, फोडणी पडून, विळी मिटून कोपऱ्यात उभी राहिलेली असते. मग महिन्याभरात प्रोसेसर माळ्यावर जातो, मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलसकट. खोकं टाकायचं नसतं, वॉरंटीला लागतं. वॉरंटी संपते, खोकं राहतं.

धुण्याचं काय, असं विक्रेत्याला छेडलंत तर उत्तर तयार असतं, "मॅडम, डिशवॉशर सेफ आहे!" म्हणजे हे यंत्र धुवायला दुसरं यंत्र घ्या. ते वरच्या मजल्यावर. लिफ्ट डावीकडे.

(ट्रेडमिलचा विनोद मी इथे करणार नाही. त्याच्यावर आधीच पुरेसे टॉवेल वाळताहेत.)

ज्यांनी आपली किंमत फेडली, त्या वस्तू मात्र माळा कधी चढल्या नाहीत. मिक्सर बघा. साठच्या दशकात सत्यप्रकाश माथुर नावाच्या अभियंत्याच्या घरचा परदेशी मिक्सर आपल्याकडच्या वाटणापुढे हात टेकून बसला. युरोपातल्या मिक्सरला मऊ फळं आणि मेयोनीजची सवय, त्याला भिजवलेली डाळ आणि सुकं खोबरं कसं झेपणार? माथुरांनी दणकट मोटर घालून १९६३ मध्ये 'सुमीत' उभा केला, आणि पाटा-वरवंटा गॅलरीत कुंड्यांना टेकू द्यायला मोकळा झाला. वाटणाची चव पाट्यावरचीच, असं म्हणणारे काका अजून भेटतात. ते पाट्यावर कधी बसलेले नसतात. पण मिक्सरचा माझ्या लेखी मोठा गुण वेगळा आहे. वाटण काढून घेतल्यावर भांड्यात पाणी घालून एकदा फिरवलं की तो स्वतःच धुतला जातो, आणि ते पाणीसुद्धा आमटीत जातं. इतकं काटकसरी यंत्र देशस्थ घरातही शोभेल, कोकणस्थांचं तर विचारूच नका.

गॅसचा लायटर त्याहून अजब. पियर आणि झाक या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिलं, की काही स्फटिकांवर दाब दिला की वीज तयार होते. (पियरला नोबेल मिळालं ते वेगळ्याच कामासाठी. आमटी उकळणं स्टॉकहोममध्ये मोजत नाहीत.) लायटरमध्ये तेच चालतं. अंगठ्याने दाबलं की आतली स्प्रिंग दबते, सुटते, छोटी हातोडी खड्यावर आपटते आणि काही हजार व्होल्टची ठिणगी पडते. सेल नको, चार्जर नको, पासवर्ड तर नकोच. जुलैत कोकणातल्या स्वयंपाकघरात सादळलेल्या काड्यापेटीशी ज्यांनी झटापट केलीय, त्यांना या शंभर-दीडशे रुपयांचं मोल सांगायला नको. तेव्हा पेटलेली काडीही लगेच फेकत नसत. एका शेगडीवरून दुसरी पेटवायला जळक्या काड्यांचा वेगळा डबा असे. आता मॉड्युलर किचनमध्ये आपोआप पेटणारा हॉब असतो, नि त्याच्या शेजारी खिळ्याला हा लायटर टांगलेला असतो. का? तर हॉबमधला सेल उतरतो.

कुकरबद्दल नवं काय सांगणार! पण त्याच्या वयाची कल्पना नसते. डेनिस पापाँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनला तो बनवला, तेव्हा इकडे शिवाजी महाराज हयात होते. पापाँने हाडं मऊ शिजवून दाखवली, आपण तूरडाळीवर भागवतो. आत दाब वाढला की पाणी शंभर अंशांवर न थांबता एकशेवीसच्या आसपास जातं, बस एवढीच विद्या. पापाँचं भांडं फुटू नये म्हणून त्याने जी सुरक्षा झडप जोडली, ती आजही आपल्या झाकणावर आहे. आणि कुकरची रिंग, शिट्टी, मुठीचा स्क्रू कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळतात; दुकानदार मान वर न करताच विचारतो, "तीन लिटर की पाच?" बिघडलेला सुटा भाग गल्लीत मिळायला हवा. हल्ली चौदा बटणांचे विजेवरचे कुकर आलेत. त्यात 'योगर्ट' आहे, 'केक' आहे, 'क्विनोआ' आहे, 'वरण-भात' नाही. एक बटण गेलं की अख्खं सर्किट बदला, पंधरा दिवस थांबा, तिकीट क्रमांक जपून ठेवा.

पंख्याचा हिशेब तर पाचवीतला मुलगा करील. जुना पंखा ७५ वॅट खातो, नव्या बीएलडीसी मोटरचा तीसच्या आत-बाहेर. पंचेचाळीस वॅट वाचले. मुंबईत पंखा दिवसाला पंधरा तास तरी फिरतोच; युनिटला दहा रुपये धरा, महिन्याला दोनशे सुटतात. तीन हजारांचा पंखा सव्वा वर्षात फुकट. धुणं वर्षातून एकदा, दिवाळीला. रिमोट मात्र उशीखाली हरवतो आणि भिंतीवरचा रेग्युलेटर शोभेचा उरतो. पाहुणे तो जाता-येता फिरवत बसतात.

पण आमच्या इमारतीत सर्वांत जास्त वसूल झालेली वस्तू म्हणाल तर चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा हातातला डिजिटल काटा. मूठभर आकाराचा, खाली पट्टा, तीन-चारशे रुपयांचा. काकू लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघाल्या तेव्हा जावयाने मागवला. बॅग तेवीस किलोची, आणि काकूंच्या यादीत डिंकाचे लाडू, अळीव, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. रात्रभर एका बॅगेतून दुसऱ्या बॅगेत पिशव्या जात होत्या. काका काटा उचलून धरत, तो 'बीप' करून आकडा गोठवत असे, आणि दरवेळी बाहेर निघत ते काकांचे शर्ट. लाडू तेवढेच राहिले. विमानतळावर जादा सामानाचे हजारो रुपये वाचले, म्हणजे काटा पहिल्याच फेरीत फिटला होता.

काकू परतल्या आणि काट्याची खरी कारकीर्द सुरू झाली. रद्दीवाला आला. त्याची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे: गठ्ठा सुतळीने बांधायचा, स्प्रिंगच्या काट्याला अडकवायचा, उचलायचा, आणि उचलताना गुडघा हळूच खाली द्यायचा. "सहा किलो, काकू." काकूंनी तोच गठ्ठा आपल्या काट्याला लावला. बीप. आठ किलो दोनशे.

"काकू, तो बॅगांचा काटा आहे. त्यावर पेपर जास्त भरतात."

"असं? मग पेपरांनाही व्हिसा लागेल का रे?"

आठ किलोंचे पैसे मिळाले. पुढचा नंबर सिलिंडरचा. भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असायला हवा आणि रिकाम्याचं वजन त्याच्या गळ्याशी रंगवलेलं असतं. दोन्हींची बेरीज म्हणजे दारात आलेल्या सिलिंडरचं वजन. आणून देणाऱ्याने मागितल्यास वजन करून दाखवायचं असतं, पण मागतं कोण? काकू मागतात. तो म्हणतो, काटा गाडीत राहिला. काकू म्हणतात, राहू दे, माझा आहे. मग काका पट्टा अडकवतात, श्वास रोखतात आणि तीस किलो जमिनीपासून वीतभर उचलतात. जावयाच्या काट्याने काकांची पाठ धरली, हा एवढा खर्च मात्र हिशेबात धरायला हवा.

पहिल्या मजल्यापासून सातव्यापर्यंत सगळे तो काटा उसना नेतात. पाइपच्या गॅसवाल्या शेजारच्या सोसायटीतूनही फोन येतो, रद्दीसाठी. धुवायचं काही नाही, सेल वर्षाला एक, आणि ठेवायला माळा नको, चपलांच्या कपाटाशेजारचा खिळा पुरतो.

रद्दीवाला हल्ली आमच्या गेटवर सायकल लावतो आणि वर येण्याआधी वॉचमनला विचारतो, "चौथ्या मजल्याच्या काकू अमेरिकेला कधी जाताहेत?"