दिवाळी अंकाची कथा आणि उतू गेलेले दूध
दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासून धरतात, दूध उतू जाण्याची त्याहून जुनी आहे. घरी बसून कथा लिहिणाऱ्याला दोन्ही सांभाळाव्या लागतात. दूध तापताना वर साय धरते, खाली वाफ कोंडते आणि नायिका दार उघडते नेमक्या त्याच क्षणी सगळे ओट्यावर येते. ओटा पुसून होईपर्यंत नायिका उंबरठ्यावर ताटकळते. पुढच्या परिच्छेदात गच्चीवरची टाकी भरून वाहते. त्यापुढच्यात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात आणि डाळीचा लगदा होतो. संपादकाला मात्र ‘कथा झालीच आहे, शेवटचा हात फिरवतोय’ असे कळवले जाते. अंकात ती प्रयोगशील कथा म्हणून छापून येते आणि समीक्षक तुटक निवेदनशैलीची वाखाणणी करतात. त्या शैलीचे श्रेय शेगडीला कोणी देत नाही.